खाणीच्या माथ्यावरच्या रेघा

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी. हे मिरवायला सांगत नाही, असं पुढं लिहिणार होते. पण खोटं कशाला? मिरवायलाच सांगते. आजोबांनी विहिरी खणल्या, वडिलांनी विहिरी खणल्या, आणि मी आयर्लंडमध्ये येऊन गोठलेल्या जमिनीवर पीएच.डी. केली. त्या पीएच.डी.चं तिसरं प्रकरण एका आठवड्यात हातातून गेलं आणि त्याच आठवड्यात परत आलं. त्या आठवड्याची ही हकीकत.

आयर्लंडमध्ये कुठली गोठलेली जमीन, असं इथले आपले लोकही विचारतात. डब्लिनला ग्रँड कॅनाल डॉकच्या ऑफिसात काम करणाऱ्या माझ्या मैत्रिणीनं गणपतीच्या जेवणात सगळ्यांदेखत विचारलं होतं, "अगं, तू नक्की फ्रीजरवर पीएच.डी. करतेस का?" मीही हसले. प्रश्न चुकीचा नव्हता. गॉलवेला कधी बर्फ पडलाच तर पोरं ओरडत बाहेर पळतात आणि दुपारच्या आत तो वितळून गेलेला असतो. इथली हवा म्हणजे बारा महिने ओला टॉवेल खांद्यावर घेऊन फिरल्यासारखी. पण शेवटचं हिमयुग सरत होतं तेव्हा, म्हणजे बारा-एक हजार वर्षांपूर्वी आणि त्याच्याही आधी, हा देश टुंड्रा होता. आज सायबेरियाच्या उत्तर टोकाला जशी जमीन आहे तशी.

टुंड्रा म्हणजे नुसती थंडी नव्हे. थंडी महाबळेश्वरलाही पडते. टुंड्रात वर्षाचा बहुतेक काळ हिवाळाच असतो आणि उन्हाळा येऊन जाईपर्यंत जेमतेम वरची हातभर माती सैल होते. तिच्याखाली सगळं दगडासारखं गोठलेलं, वर्षानुवर्षं, न वितळणारं. पाऊस तसा फार पडत नाही, पण पडेल तो खाली मुरत नाही, म्हणून उन्हाळ्यात सगळीकडे चिखल आणि डबकी. झाडांना मूळ खोल घालता येत नाही म्हणून झाडंच नाहीत. शेवाळ, गवत, वीतभर उंचीची फुलझाडं, बस्स.

आणि कडाक्याच्या हिवाळ्यात ती गोठलेली जमीन आणखी आकसते आणि तडकते. भेग पडते. उन्हाळ्यात त्या भेगेत पाणी उतरतं आणि गोठतं. पुढच्या हिवाळ्यात जमीन तिथंच पुन्हा तडकते, पुन्हा पाणी, पुन्हा बर्फ. शेकडो वर्षं असं चाललं की वर रुंद आणि खाली निमुळती होत गेलेली बर्फाची एक पाचरच जमिनीत तयार होते. पुढं हवा उबदार झाली की बर्फ वितळतो, त्याच्या जागी वरची माती-रेती घसरून बसते आणि पाचरीचा आकार तेवढा मागं राहतो. असा ठसा जिथं सापडेल तिथं शपथेवर सांगता येतं, की ही जमीन एके काळी कायमची गोठलेली होती.

मला असा एक ठसा सापडला होता. गॉलवेच्या पूर्वेला तासाभराच्या अंतरावर वाळू-खडीची एक खाण आहे. तिच्या उभ्या भिंतीत, राखाडी खडीमध्ये, तांबूस मातीची एक पाचर. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा हातातला चहाचा थर्मास खाली पडला.

माझ्या मार्गदर्शक बाई तेव्हा भुलल्या नाहीत. (इथं प्राध्यापकांना नावानं हाक मारतात. मला ते जमायला दोन वर्षं लागली, म्हणून इथं मी बाईच म्हणते.) त्यांनी फोटो बघितला, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाल्या, "छान आहे. पण एकच आहे. जुन्या नाल्याचा चर असेल. झाडाचं मूळ कुजून गेलेलं असेल. एका भेगेवर मी एक अख्खं प्रकरण उभं राहू देणार नाही, आणि परीक्षकही देणार नाहीत."

त्यांचं बरोबर होतं. बर्फाच्या पाचरी एकेकट्या नसतात. जमीन तडकते ती जाळीसारखी. जाळी दाखवता आली तर प्रकरण, नाही तर नाही. जूनमध्ये माझ्या कामाचा आढावा होता. तोपर्यंत पुरावा मिळाला नाही तर तिसरं प्रकरण काढून टाकायचं, असं आमचं ठरलं होतं. ते काढलं तर उरलेली दोन प्रकरणं म्हणजे दुसऱ्यांनी मोजलेल्या आकड्यांची माझी बेरीज. माझं स्वतःचं असं त्यात काहीच उरत नव्हतं.

त्यात मे महिन्यातल्या एका सोमवारी खाणीच्या मुकादमाचा फोन आला. हा साठीतला, लालबुंद चेहऱ्याचा, भला माणूस. मला खाणीत फिरू द्यायचा, वर स्वतःच्या डब्यातला केक द्यायचा. म्हणाला, "तुझा तो कोपरा शुक्रवारी लोडर खाणार बरं का. ऑर्डर आली आहे. तोवर काय बघायचं ते बघून घे. ग्रँड?"

ग्रँड हा शब्द इथं सगळ्याला चालतो. चहा ग्रँड, हवा ग्रँड, पाय मोडला तरी मी ग्रँड. मीही म्हणाले, "ग्रँड." आणि फोन ठेवून खुर्चीत बसून राहिले.

या सगळ्यात आप्पा, म्हणजे माझे वडील, गॉलवेला आलेले होते. आयुष्यातला पहिला विमानप्रवास. आई आली नाही, कारण शेळ्यांना कोण बघणार. आप्पा सत्तरीच्या घरातले, सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या कोरड्या पट्ट्यातले. तिथं विहीर म्हणजे मातीत खड्डा नव्हे. आधी मुरूम, मग काळा पाषाण, सुरुंग, पहार, यारीनं वर ओढायचे दगड. पंचक्रोशीत आप्पांनी खणलेल्या विहिरी अजून आहेत. शिक्षण दुसरी. माझी बीएस्सी झाली तेव्हा ते कॉलेजच्या फाटकापर्यंत आले आणि आत आले नाहीत, "चिखलाचं पाय हायती" म्हणून.

गॉलवेत त्यांना करमेना. पहिल्याच दिवशी खिडकीतून पाऊस बघून म्हणाले, "ह्या मुलखात माझा धंदा चालला नसता बघ. हितं छपरावर भांडं ठिवलं की झालं." दुसऱ्या दिवशीही पाऊस. तिसऱ्या दिवशी त्यांनी माझं सगळं स्वयंपाकघर लावून काढलं. आदल्या रविवारी मी त्यांना बरेनला घेऊन गेले. तो चुनखडकाचा उजाड माळ गॉलवेपासून जवळच आहे. खडकांच्या फटीत पांढऱ्या आठ पाकळ्यांची, मधे पिवळी अशी चिमुकली फुलं असतात. टुंड्रातलं फूल. हिमयुग गेलं, टुंड्रा उत्तरेला सरकला, हे इथंच मागं राहिलं. मी हे सगळं उत्साहानं सांगितलं. आप्पांनी वाकून बघितलं आणि म्हणाले, "घर बदलताना एखादी वाटी फळीवर ऱ्हाती तसं." मी तीन वर्षं या विषयावर भाषणं देत होते. इतकं सोपं मला एकदाही सुचलं नव्हतं.

सोमवारी माझा उतरलेला चेहरा त्यांनी बघितला. "काय झालं?"

सांगितलं.

"भिंत म्हंजे खणलेल्या खड्ड्याची भिंत?"

"व्हय."

"मग मला न्हे की. भित्ती बघण्यात माझी हयात गेली."

मंगळवारी मी त्यांना नेलं. मुकादमानं त्यांना पिवळं जॅकेट, हेल्मेट आणि गमबूट दिले. हेल्मेट टोपीवरच बसवलं, कारण टोपी काढायला आप्पा तयार नव्हते. दोघांनी हात मिळवले. भाषेचा एक शब्द सामाईक नाही. आप्पांची नजर मात्र मुकादमाच्या फावड्यावर. इथलं फावडं लांब दांड्याचं, छातीपर्यंत येणारं, टोकाला पानासारखं पातं. आप्पांनी ते उचललं, फिरवून बघितलं आणि मला म्हणाले, "हे काय गं? माती उचलायचं हाय का व्हडी वल्हवायची हाय?" मी भाषांतर केलं. मुकादम इतका हसला की त्याला खोकला लागला.

भिंतीपाशी आलो. पाचर दाखवली. आप्पा बराच वेळ बघत राहिले, हात लावला नाही. मी मोजपट्टी आणायला गाडीकडे गेले. पाच मिनिटं, फार तर सहा.

परत येते तो आप्पा बादली घेऊन उभे. डबक्यातलं पाणी भरलेलं. "आप्पा—" एवढंच माझ्या तोंडून निघालं. त्यांनी सराईतपणे, कमरेत वाकून, बादली सपकन भिंतीवर मारली.

आमच्याकडे विहिरीत असंच करतात. सुरुंग झाला, दगड उपसले की भिंत धुळीनं माखलेली असते. तिच्यावर पाणी मारायचं, धूळ धुवायची आणि मग काठावर बसून भिंत वाळू द्यायची. सगळी भिंत वाळते. जिथं झरा असेल तिथली ओल तेवढी काळी राहते. तिथं पहार लावायची. आप्पांनी चाळीस वर्षं पाषाण असाच वाचला. पण ही पाषाणाची भिंत नव्हती. ही सुटी वाळू आणि खडी. आधी थोडे दगड निसटले, मग एक बारीक सळसळ झाली आणि माझी पाचर वरपासून खालपर्यंत ढिगारा होऊन आमच्या पायांशी आली.

"काय केलंसा हे, आप्पा! काय केलंसा!"

मी ओरडले. वडिलांवर. परक्या माणसासमोर. लोडरवरचा ड्रायव्हरही वळून बघायला लागला. आप्पांनी रिकामी बादली खाली ठेवली आणि ते पुढं होऊन तो ढिगारा हातानं परत भिंतीला लावायचा प्रयत्न करू लागले. ते बघून मला आणखीच रडू आलं.

बाईंना फोन केला. त्या रागावल्या नाहीत, आणि तेच जास्त लागलं. "म्हणजे आता एका भेगेचा एक फोटो आहे, आणि भेग नाही," त्या म्हणाल्या. "जून महिन्यासाठी आपण दोन प्रकरणांचं नियोजन करू." मग म्हणाल्या, शुक्रवारी सकाळी त्यांना तिकडूनच पुढं जायचं आहे, जाता जाता दोन मिनिटं डोकावतील. माझं समाधान व्हावं म्हणून बोलल्या, हे कळत होतं.

बुधवारी दिवसभर पाऊस. आम्ही घरात. आप्पा सकाळपासून खिडकीपाशी, पाठमोरे. मी भाकरी टाकल्या, पहिली फाटली. जेवता जेवता त्यांनी विचारलं, "ती भेग आत कुठवर जाती?"

"कुणाला ठावं. आपल्याला कापलेली बाजू तेवढी दिसती."

"आन् तशा भेगा एकमेकीला गाठत्यात म्हणालीस."

"व्हय. आपल्या तळ्याचा गाळ उन्हाळ्यात वाळल्यावर कसा तडकतो? तशी घरं घरं पडतात. फक्त लई मोठी. एकेक घर आपल्या अंगणाएवढं, त्याहून मोठं पण असतं."

आप्पांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. "गाळाच्या भेगा तू बाजूनं बघतीस का वरनं?"

"वरनंच."

"आगं, वरनं बघ की! भेग वरनं पडली, पाणी वरनं गेलं, आन् तू इतकं दिस झालं आडवी बघत बसलीयास."

मी समजावलं. खाणीच्या माथ्यावरची काळी माती गेल्या वर्षीच काढून टाकली आहे, वरून ट्रॅक्टर फिरलेत, सगळं कालवलेलं आहे, तिथं काही दिसत नाही, बाईंनी पाहून ठेवलंय. आप्पांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "ट्रॅक्टरनं किती खोल कालवलं असंल? इतभर? मग इतभर काढू."

खरं सांगते, मला हे सुचायला हवं होतं. पुस्तकांतून वरून काढलेले फोटो मी शेकड्यानं पाहिले होते. पण माझं सगळं शिक्षण उभ्या कापाचं. थर मोजायचे ते बाजूनं. आप्पांचं सगळं शिक्षण वरून खाली.

गुरुवारी पहाटेपर्यंत पाऊस पडत होता. सकाळी आम्ही खाणीच्या माथ्यावर गेलो. मुकादमाला विचारलं, माथा खरवडला तर चालेल का? तो म्हणाला, "उद्या लोडर सगळंच उचलणार आहे, बाई. हवं तर तिथं बटाटे लाव." आणि दोन फावडी दिली, तीच लांब दांड्याची.

आप्पांनी त्या फावड्याला आधी नावं ठेवली होती. अर्ध्या तासात त्यांनी त्याची खुबी ओळखली. दांडा मांडीवर टेकवायचा आणि पातं जमिनीलगत सरकवायचं, न वाकता. "कंबर वाचती की गं," ते म्हणाले. "हे आपल्याकडं न्यायला पायजे." सत्तरीचा माणूस दुपारपर्यंत थांबला नाही. मी पन्नास वर्षांनी तरुण असून तीनदा बसले. (चाळीस असेल. पण त्या दिवशी पन्नास वाटलं.) भिंतीच्या कडेपासून दूर राहून, पाचर जिथं होती त्याच्या मागं, आम्ही खोलीएवढा तुकडा खरवडला, मग आणखी एक, मग आणखी.

काही नाही. सगळं ओलं, सगळं एकाच गडद रंगाचं. जणू कुणी तपकिरी चादर अंथरलेली.

मी फावडं टाकलं. "न्हाई आप्पा. काय न्हाई हितं."

आप्पा खडीच्या ढिगाच्या आडोशाला बसले, तंबाखूची चंची काढली. "थांब."

"कशाला थांबू? दिसतंय की."

"आज पाणी पावसानं मारलंय. मी न्हाई मारलं. आता वाळू दे."

मी त्यांच्याकडे बघितलं. मंगळवारनंतर पहिल्यांदाच त्यांच्या तोंडावर हसू होतं. बादली मारणं हा निम्मा भाग होता. बसून वाट बघणं हा दुसरा. तो दुसरा भाग मी मंगळवारी होऊच दिला नव्हता.

ढग फाटले. पश्चिमेकडून समुद्राचा वारा सुटला. गॉलवेचा वारा, छत्र्या उलट्या करणारा. आम्ही डब्यातल्या पोळ्या खाल्ल्या. मुकादम चहा घेऊन वर आला आणि काहीही न विचारता आप्पांशेजारी बसला. तिघं जण एका रिकाम्या जमिनीकडे तोंड करून बसलो होतो. लांबून कुणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, हे लोक कसली वाट बघतायत?

आधी खडी वाळली. पांढुरकी व्हायला लागली, ठिपक्याठिपक्यानं. मग ठिपके जुळले. आणि मध्ये एक पट्टा वाळेना. हातभर रुंद, काळपट, सरळ. भिंतीपासून निघून आमच्याकडे येणारा. बारीक मातीनं भरलेली भेग ओल धरून ठेवत होती. खडीनं केव्हाच सोडून दिली होती.

"आली," आप्पा एवढंच म्हणाले. विहिरीला पाणी लागलं की म्हणायचे तसंच.

मी उठून पळाले, खडीच्या ढिगावर चढले. घसरले, पुन्हा चढले. वरून बघितलं आणि माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो कुठल्याच भाषेतला नव्हता. तो पट्टा पुढं जाऊन दुसऱ्या पट्ट्याला मिळाला होता. दुसरा वळून तिसऱ्याला. एक पुरं घर, त्याला लागून दुसरं अर्धं, आणि तिसऱ्याचा एक कोपरा आमच्या न खरवडलेल्या जमिनीखाली गेलेला. टुंड्रा. आयर्लंडच्या मधोमध, ट्रॅक्टरच्या चाकोऱ्यांखाली, माझ्या डोळ्यांसमोर.

फोटो काढले. आप्पांनी मुकादमाकडून दोरी आणि खिळे मागून घेतले, खुणा करून, आणि रेघांवर दोरी ताणून ठेवली, पाया आखतात तशी. चार वाजता पुन्हा पाऊस आला आणि सगळं तपकिरी झालं.

शुक्रवारी सकाळी बाई आल्या तेव्हा बारीक रिमझिम चालू होती. जमिनीवर एकही रेघ नाही. फक्त दोऱ्या. मी फोटो दाखवले. बाईंनी ते मोठे करून, पुन्हा लहान करून पाहिले. लोडर खाली इंजिन चालू ठेवून उभा होता.

"फोटोत ओल दिसते आहे," बाई म्हणाल्या. "ओल कशानंही राहते. आणि या दोऱ्या तुम्ही बांधल्यात. मला दोऱ्या दिसतायत, पाचर नाही."

मी आप्पांना मराठीत सांगितलं. मला वाटलं, ते खचतील. ते म्हणाले, "बाईंना म्हणावं, दोरीवर कुठंबी बोट ठिवा. तितं खणतो. लागली तर लागली."

मी तसंच सांगितलं. आणि सांगता सांगता लक्षात आलं, की शास्त्रात याहून सरळ परीक्षा नाही. आधी बोलायचं, मग खणायचं.

बाईंच्या भुवया वर गेल्या. त्या दोरीच्या कडेकडेनं चालत गेल्या, भिंतीपासून सगळ्यात लांबच्या टोकाला, दुसऱ्या घराच्या बाजूला, जिथं आम्ही स्वतःही नीट पाहिलं नव्हतं. बुटाच्या टाचेनं खूण केली. "इथं."

मुकादमानं छोटं मशीन आणू का विचारलं. आप्पांना हातवाऱ्यावरूनच कळलं. "नगं. मशीन समदं कालवंल." त्यांनी जॅकेट काढून बाजूला ठेवलं. मुकादमानं एकदा घड्याळ बघितलं, एकदा लोडरकडे, मग ड्रायव्हरला हातानं इंजिन बंद करायची खूण केली आणि दुसरं फावडं उचललं.

दोरीला आडवा चर. दोघं म्हातारे समोरासमोर, एक टाकतो तेव्हा दुसरा उचलतो, शब्दाची गरज नाही. आप्पा मधून मधून म्हणत, "गरँड." मुकादम म्हणे, "ग्रँड." मी थापीनं बाजू साफ करत होते. बाईंनी दोन मिनिटांचा वेळ दिला होता. दोन तास झाले आणि त्यांनी घड्याळाकडे बघितलं नाही.

गुडघ्याएवढं खणल्यावर राखाडी खडीत तांबूस माती दिसायला लागली. दोन्ही बाजूंनी तिरपी होत, खाली निमुळती होत. मी थापीनं कड साफ केली. कडेचे लांबट दगड उभे होते, टोकावर उभे, एका रांगेत. खडीतला दगड पाण्यानं वाहून आलेला असतो, तो आडवा पडतो. त्याला उभं करायला जमीन गोठावी लागते, फुगावी लागते, पुन्हा पुन्हा, शेकडो हिवाळे. नाल्याला ते जमत नाही. झाडाच्या मुळालाही नाही.

बाई चरात उतरल्या, चांगल्या पँटमध्ये, गुडघे टेकून. त्यांनी एका उभ्या दगडावर बोट ठेवलं, मग शेजारच्या, मग त्याच्या शेजारच्या. 

"हो," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "तिसरं प्रकरण. आणि ते आता पहिलं येणार."

मला काय झालं ते सांगता येत नाही. मी आप्पांचे मातीनं भरलेले दोन्ही हात धरले आणि चराच्या काठावर नाचले. होय, नाचले. कोपरी-टोपीतल्या त्या माणसाला धरून, रिमझिमीत, विद्यापीठाच्या बाईंसमोर. मुकादमानं हेल्मेट काढून हवेत फेकलं आणि ते डबक्यात पडलं. मग त्यानं ऑफिसला फोन लावला आणि सांगितलं, की लोडर दोन आठवडे पलीकडच्या बाजूनं काम करेल, या बाजूला जरा अडचण आहे. "कसली अडचण?" तिकडून आवाज आला. "बर्फ आहे," तो म्हणाला.

निघायच्या आधी, चर पाचरीच्या टोकापर्यंत खाली गेल्यावर, मी मोजपट्टी घेऊन चरात वाकले. आप्पांनी मला बाजूला केलं. ते स्वतः पाचरीच्या टोकाशी पाय टेकून उभे राहिले, एक हात डोक्यावर उंच केला, खालून वर नजर टाकली आणि म्हणाले, "ल्ही. अर्धा परस."

आमच्याकडे विहिरीची खोली परसात मोजतात. उभा माणूस, हात वर केलेला, म्हणजे एक परस. मी वहीत मीटर लिहिले आणि त्यांच्या शेजारी, मराठीत, "अर्धा परस" हेही लिहिलं.

पुढच्या वर्षी माझी तोंडी परीक्षा झाली. बाहेरच्या परीक्षकांनी त्या वहीचं पान प्रबंधाच्या शेवटी छापलेलं पाहिलं होतं. सगळे अवघड प्रश्न संपल्यावर त्यांनी त्या दोन शब्दांवर पेन ठेवून विचारलं, "हे काय लिहिलं आहे?"

"खोलीचं माप आहे," मी म्हणाले.

"कुठल्या पद्धतीतलं?"

मी खुर्चीतून उठले, तिथंच, परीक्षकांसमोर ताठ उभी राहिले आणि हात डोक्यावर उंच केला.

"माझ्या वडिलांच्या," मी म्हणाले.